चाक पाणी पीत नाही

आमच्या वस्तीवर वीज आली होती, खोटं कशाला बोलू. दोन वर्षं टिकली. मग वळवाच्या एका वादळात तीन खांब आडवे झाले, तारा दरीत गेल्या, आणि आज माणूस येतोय, उद्या येतोय करता करता पडलेल्या खांबांवर वेल चढले. खालच्या पासली गावापासून आमची डोंगराच्या टेपावरची धनगरवस्ती दीड तासाच्या चढावर. घरं नऊ. नऊ घरांसाठी एवढा डोंगर कोण चढतो? मोबाईल मात्र नऊ घरांत चौदा.

पावसाळ्यात मोबाईल चार्ज करायचा म्हणजे तो प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून पासलीत उतरायचं. किराणा दुकानाच्या पायरीवर ओल्या अंगानं दोन तास बसायचं. दुकानदारीण चारदा विचारणार, "झालं का?" आपण चारदा ओशाळं हसायचं. आणि परत वर येईस्तोवर नेटवर्क शोधून शोधून मोबाईल निम्मा उतरलेला. सोलरचे दिवे मिळाले होते घरटी एक, पण आमच्याकडं आषाढ-श्रावणात सूर्य कुठं असतो? धुक्यात शेजारचा गोठा दिसत नाही. प्लेटांवर शेवाळ आलं, एकेक करून सगळ्या बाद झाल्या.

हा तमाशा बघून माझं डोकं फिरलं. मी ज्ञानू. भोरला आय.टी.आय. केलं, वायरमनचं; एक विषय राहिला तो राहिलाच. हात बरा चालतो आणि त्याहून जास्त तोंड चालतं, असं आमची साधना म्हणते. बायकोच ती, बोलणारच. सायकलची जुनी रिंग घेतली, तिच्या कडेनं स्टीलच्या वीस वाट्या बोल्टनं आवळल्या. वाट्या साधनाच्या रुखवतातल्या होत्या. त्यावरून आठ दिवस घरात अबोला. भोरच्या भंगारातून एक चुंबकाची मोटार आणून चाकाला जोडली. चाक फिरलं की ती वीज देते. वीज टेम्पोच्या बॅटरीत, बॅटरीवरून फळीवर ठोकलेले आठ सॉकेट. आता चाकावर पाणी जोरानं पडायला उंची पाहिजे. वस्तीच्या वर ओढ्याचा डोह आहे. तिथं काळा पाईप बुडवला आणि डाव्या अंगाच्या घळीतून पन्नास फूट खाली, माझ्या गोठ्यामागं आणून सोडला.

आषाढातल्या मंगळवारी चाक फिरलं. पहिला मोबाईल हैबतीआबांचा. आबा वस्तीत सगळ्यात वडील, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण काठी टेकत आले. बॅटरीची खूण हलायला लागल्याचं प्रेरणानं, माझ्या मुलीनं, त्यांना वाचून सांगितलं. तेव्हा म्हातारा हसला. मग म्हणाला, "ज्ञानू, डोहाचं पानी घेतलंस खरं. खाली समद्यांची भातं हायती."

"आबा, चाक पानी पीत न्हाई," मी म्हणालो. "वरनं जेवढं येतं तेवढंच खालनं जातं. त्ये बगा, घळीतनं परत वढ्यालाच मिळतंय."

लोकांनी वाकून वाकून बघितलं. पाणी खरंच परत ओढ्याला मिळत होतं. ते वाक्य वस्तीत सगळ्यांच्या तोंडी झालं. बाहेरचं कुणी बघायला आलं की पोरंसुद्धा सांगायची, चाक पाणी पीत नाही. मी मिशीत हसायचो.

आता जरा नीट सांगतो, कारण सगळं पाप इथंच आहे. डोहातून ओढा उजव्या अंगानं उतरतो. डोहाच्या तोंडाशीच सखूबाईकाकूंचा पाट फुटतो. त्या पाटावर त्यांची सहा खाचरं. त्याच्याखाली माझी, मग बाकीच्यांची. आणि माझ्या चाकाची घळ ओढ्याला मिळते ती काकूंच्या खाचरांच्या खाली आणि माझ्या खाचरांच्या वर. म्हणजे चाक पाणी पीत नव्हतं हे खरं. फक्त काकूंची सहा खाचरं चुकवून ते पुढं नेत होतं. आषाढात ओढा म्हैस वाहून नेईल एवढा असतो, त्यात दोन इंची पाईपानं काय फरक पडतो? कुणाच्या ध्यानात आलं नाही. तेव्हा माझ्याही आलं नव्हतं. एवढं तरी माझ्या बाजूनं धरा.

सखूबाईकाकू आमची भावकी नव्हे, वस्तीच्या नात्यानं काकू. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा मानसिंग कात्रजला टेम्पो चालवतो, बायकोपोरांसकट एका खोलीत राहतो. इथं काकू एकट्या, एक म्हैस, एक दुभती शेळी आणि ती सहा खाचरं. अंगानं काटकी, पण चिखलात बैलासारख्या चालायच्या. त्यांचा मोबाईल बटणांचा. एक दिवसाआड घेऊन यायच्या.

"भरलं का रं प्वाट त्येचं?"

"भरतंय, काकू. बसा."

"बसती कुटं, म्हस सोडायचीया." पण हातात पेलाभर ताक नाहीतर दोन वांगी असायचीच. नको म्हटलं तर म्हणायच्या, "फुकट भरल्यालं अंगी लागत न्हाई बाबा."

गणपती बसले आणि पाऊस उठला. भाद्रपदात चार-आठ दिवस उघडीप पडते, नवं नाही. पण या खेपेला उन्हानं ठाणच मांडलं. भात पोटरीला आलेलं. कणीस अजून पोटात, बाहेर निघायच्या बेतात. नेमक्या त्या दिवसांत भाताच्या पायाशी पाणी लागतं. नसलं तर कणीस निघतं, पण दाणा भरत नाही.

आणि नेमक्या त्याच दिवसांत माझ्या फळीवर जागा नव्हती. प्रेरणाच्या नर्सिंगच्या प्रवेशाची यादी लागायची होती. कधीही लिंक येणार, त्याच दिवशी कागद चढवायचे, नाहीतर जागा पुढच्याला. पोरगी मोबाईल घेऊन टेपाच्या टोकावर उन्हात बसायची, कारण नेट तिथंच चालायचं; फोन लागण्यापुरती रेंज तेवढी खाचरांपर्यंत. दुपारी धावत येऊन मोबाईल लावायची, परत पळायची. त्यात बायकांच्या सरकारी पैशाच्या केवायसीचा शेवटचा आठवडा. ओटीपी येणार म्हणून सगळ्या वस्तीचे मोबाईल माझ्या गोठ्यामागं लटकलेले.

उघडीपीच्या दहाव्या दिवशी काकू आल्या. पेला नव्हता हातात.

"ज्ञानू, पाटाला पानी न्हाई रं."

"उगडीप हाय, काकू."

"उगडीप काय पयल्यांदा बगती का म्या? पन्नास वर्सं झाली हितं यिऊन. पाट कवा तुटला न्हाई. तू जरा वर जाऊन बग की. मला जाता येत न्हाई."

मी वर गेलो. काकूंना का जाता येत नाही ते तेव्हा विचारलं नाही.

डोहावर उभा राहिलो आणि बघितलं. बघायला काही अक्कल लागत नव्हती. वरून येणारी धार माझ्या मनगटाएवढी. डोहाचं पाणी पाटाच्या तोंडाच्या चार बोटं खाली गेलेलं. आणि जेवढं येत होतं तेवढं सगळं माझ्या पाईपाच्या तोंडात शिरत होतं. पाटाच्या तोंडाशी चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, त्यात एक खेकडा बसलेला.

पाईपाचं तोंड वर उचलून दगडावर ठेवायचं, एवढंच काम होतं. दोन तासांत डोह भरला असता आणि पाट चालू. मी वाकलो. हात पाण्यात घातला. पाईप धरला. आणि मग हिशेब केला: यादी शुक्रवारी लागणार म्हणतात. आज मंगळवार. तीन दिवसांत भाताला काय होतंय? भात काय लगेच मरतं का? ऊन होतं, हेही सांगून टाकतो. पाली गावात माझा मेव्हणा रोहिदास ट्रेकिंगवाल्यांना चहा-पोहे विकतो, त्याच्याकडं चांगली सोलर प्लेट होती. एक दिवस मोडून मागून आणली असती तर प्रेरणाचंही भागलं असतं आणि केवायसीचंही. पण आख्खा पावसाळा मी छाती फुगवून सांगितलेलं, सोलर-बिलर सगळं थोतांड, खरं माझं चाक. आता कुठल्या तोंडानं प्लेट मागू? मी पाईप सोडला, हात झटकला आणि खाली आलो.

काकू माझ्या ओट्यावर बसून होत्या. "काय रं?"

"डोहातच पानी कमी झालंय."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणून तर जीभ अडखळली नाही.

काकूंचा चेहरा पडला. बराच वेळ पदराचं टोक चाळत बसल्या, मग हळूच म्हणाल्या, "कुनाला बोलू नगंस. माजंच चुकलंय."

डोहाच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड आहेत, साती आसरा, पाण्याच्या देवता. लावणीआधी पाट फोडायच्या दिवशी पहिलं पाणी घेणाऱ्या घरची बाई त्यांना दहीभात ठेवते. काकूंचा पाट पहिला, म्हणून तो मान त्यांचा. त्या वर्षी जेठात त्यांचा दीर पुण्यात वारला. सुतकात डोहावर जायचं नाही. पण पाऊस लागला, रोपं वर आली, सगळी वस्ती पाट फुटायची वाट बघत होती. काकू नवव्या दिवशीच पहाटे गुपचूप जाऊन दहीभात ठेवून आल्या आणि बाहेर सांगितलं की सुतक फिटलं.

"चार दिस थांबायला पायजे हुतं," त्या म्हणाल्या. "माजी घाई झाली. आता आसरांनी पाट आडवलाय. म्हनून म्या वर पाय ठिवत न्हाई. पुन्यांदा चूक नगं."

त्या क्षणाला मी तोंड उघडायचं होतं. एक वाक्य. काकू, आसरा नाहीत, माझा पाईप आहे. मी म्हणालो, "आसं काय नसतं, काकू." त्यांनी मान हलवली आणि चार्ज झालेला मोबाईल घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी हंड्यानं पाणी वाहायला सुरुवात केली. कुठून? माझ्या चाकाखालून. घळीतलं पाणी तेवढंच जवळ. डोक्यावर हंडा, काखेत कळशी, घळीचा निसरडा चढ, आणि वर खाचरात ओतायचं. सहा खाचरांपैकी वरचं एक तरी वाचवू म्हणाल्या. भुई हंडाभर पाणी क्षणात गिळायची. त्या पुन्हा खाली. घोट्याला दगड लागून कातडं सोललं होतं, त्यावर हळद आणि चिखल एकच झालेलं.

मला बघवेना. मग मी काय केलं? खांद्यावर कावड घेतली, दोन पत्र्याचे डबे अडकवले आणि त्यांच्याबरोबर पाणी वाहायला लागलो. हसू नका. जे पाणी मी पाईपानं पळवलं, तेच डब्यांनी परत नेत होतो. कावड टाकून पाईप उचलला असता तर दोन तासांचं काम होतं. पण कावड वाहताना लोक बघत होते आणि मनाला बरं वाटत होतं. खांदा सोलला, तेही बरं वाटलं.

"देव तुला कमी करनार न्हाई," काकू चढावर धापा टाकत म्हणायच्या. "पोटच्या पोरानं केलं नसतं."

"गप चला, काकू," मी खेकसायचो. त्यांना वाटायचं दमलोय.

शुक्रवारी यादी लागली नाही. सोमवारी लागणार म्हणे. शनिवारी सकाळी हैबतीआबा ओट्यावर येऊन बसले. चार बायका मोबाईल घ्यायला आल्या होत्या, काकू हंडा टेकवून उभ्या होत्या.

"ज्ञानू," आबा म्हणाले, "सखूच्या पाटाचं माज्या मनातनं जात न्हाई. तुजी नळी तर न्हाई ना आड येत? मला दिसत न्हाई बाबा, न्हाईतर म्याच गेलो आसतो वर."

 साधना दारात पीठ मळत होती, तिचा हात थांबला. बायकांच्या नजरा एकदा माझ्याकडं, एकदा फळीवरच्या मोबाईलकडं. डोहावर जाऊन बघायला कुणाला अर्धा तास लागला नसता. कुणी उठलं नाही.

आणि मी तोंड उघडायच्या आत काकूच बोलल्या. "काय तरीच काय, आबा! पानी समदं परत वढ्यातच जातंय, म्या रोज डोळ्यानं बगती. चाक पानी पीत न्हाई. उगा पोराला बोल लावू नगासा. त्यो बिचारा कावड वाहून मरतोय माज्यापायी."

"मंग ऱ्हायलं," आबा म्हणाले आणि तंबाखू काढली. विषय मिटला. मी चाकाकडं तोंड करून उगाच एक बोल्ट आवळत बसलो.

त्या दिवशी दुपारी भाकरी वाढताना साधना म्हणाली, "तुमी मंगळवारी वर गेला हुता ना? काय बगितलं?"

"पानी कमी झालंय."

"आपल्या खाचराला तर हाय."

"आपलं खाली हाय. गप जेव."

ती जेवली नाही. ताट झाकून ठेवलं आणि शेण काढायला गेली.

सोमवारी यादी लागली. प्रेरणाचं नाव होतं. पोरगी टेपावरून ओरडत आली, कागद चढले, पावती आली. सगळी वस्ती चाकाला नमस्कार करून गेली. काकूंनी तिच्या हातावर साखर ठेवली आणि कानशिलावर बोटं मोडली. मी त्याच पावली डोहावर गेलो, पाईप उपसला आणि घळीत फेकून दिला. संध्याकाळपर्यंत काकूंचा पाट वाहायला लागला. तिसऱ्या दिवशी पाऊसही आला.

काकूंना वाटलं, आसरांनी ऐकलं. तेव्हाही मी बोललो नाही. म्हटलं, आता आलंय ना पाणी, मग कशाला उकरून काढा. भात हिरवंगार दिसत होतं, कणसं बाहेर निघत होती. मी स्वतःची समजूत घातली की काही बिघडलं नाही.

दिवाळी उलटून तीन आठवड्यांनी झोडपणी. काकूंच्या खळ्यावर मी, साधना आणि दोन बायका. पेंढी उचलली आणि हाताला कळलं. वजनच नव्हतं. माझ्या पेंढ्या झोडताना दाणा पत्र्यासारखा वाजायचा. इथं नुसता खसखस आवाज.  मग वारं बघून काकू तिवईवर चढल्या आणि सूप उभं धरून वारवायला लागल्या. दाणा सरळ खाली पडतो, पोकळ पळिंज वाऱ्यानं पलीकडं जातं. त्या दिवशी खाली जवळजवळ काही पडेना. सगळं पलीकडं. पांढरी, चपटी, पोकळ टरफलं माझ्या डोक्यावर, भुवयांत, ओल्या मानेवर येऊन चिकटत होती. काकू सूप रितं करत, पुन्हा भरून मागत. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "भर की रं, बगतूस काय?" मी भरून दिलं. तेही उडून गेलं.

वर्षाला नऊ पोती व्हायची तिथं दीड झालं. माझ्या खाचरांत त्या साली सोळा. इतकं भात आमच्या घरानं कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन पोती खांद्यावर घालून काकूंच्या दारात टाकली. वाटलं, पोती टाकताना सांगून मोकळं व्हावं. काकू म्हणाल्या, "ह्ये रं काय? तुज्या लेकराच्या तोंडचं म्या खाऊ?" मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "ऱ्हाऊ द्या, काकू, जास्तीचं हाय." त्यांनी डोळे पुसले. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गोठ्यात त्यांची दुभती शेळी बांधलेली.

"म्या चाललीया मानसिंगाकडं," त्या म्हणाल्या. "म्हस हैबतीआबांच्या घरची संबाळतील. शेळी तुला. आसरांनी हात काडला तितं म्या कुनाच्या जिवावर ऱ्हाऊ? पुन्यांदा त्या खाचरात पाय घालायचा धीर न्हाई."

"खोलीत तुमाला जागा कुटंय, काकू?"

"पडंन दारात. तितं पानी नळाला येतं, कुनाला दहीभात ठिवायला लागत न्हाई." हे म्हणताना त्या हसायला गेल्या आणि त्यांना हसता आलं नाही.

त्यांचं बोचकं घेऊन मीच निघालो, पासलीच्या एस.टी.पर्यंत. वाटेत ओढा ओलांडावा लागतो. कार्तिक सरत आलेला, ओढा पार आटलेला, दगडं उघडी. मी बोचकं खाली ठेवलं. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"काकू, आसरांचं काय नव्हतं. पाट म्या तोडला. माज्या नळीनं. म्या मंगळवारीच बगितलं हुतं. डोह खाली गेल्याला, समदं पानी नळीत. नळी उचलायची सोडून म्या खाली आलो आन् तुमास्नी खोटं बोललो."

काकू थांबल्या. माझ्याकडं इतकं निरखून बघितलं की मला वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर पाया पडलो असतो.

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

"येडा रं येडा. म्या जाऊ नये म्हनून एवडं पाप डोक्यावर घितूस व्हय?"

"काकू, खरं सांगतोय!"

"तूच सांगितलं हुतंस, चाक पानी पीत न्हाई. म्या सोता बगितलंय, पानी वढ्यात पडत हुतं. आन् ज्येनं पानी तोडलं त्यो माज्यासंगं कावड वाहील व्हय? मानूस असं करतंय का कुटं?"

"म्या केलं ना! चला वर, दावतो. आत्ता दावतो डोहावर!"

"काय दावनार?" त्यांनी कोरड्या ओढ्याकडं हात केला. "आता कुटंय पानी?"

मी ओरडलो. शिव्या दिल्या, स्वतःला. दगड उचलून ओढ्यात मारला. त्या दोन हातांनी माझा दंड धरून मला शांत करत होत्या, लहान पोराला करतात तसं. "गप, गप. कुनी ऐकंल. उगा तुजं नाव खराब व्हईल." मग बोचकं स्वतःच डोक्यावर घेतलं आणि पुढं निघाल्या. मी मागोमाग जाऊन ते काढून घेतलं. एस.टी. येईपर्यंत त्या मला प्रेरणाच्या कॉलेजबद्दल विचारत होत्या. गाडीत चढल्यावर खिडकीतून म्हणाल्या, "मोबाईल भरून ठिवत जा. म्या लावीन."

त्यांनी तिथून वस्तीतल्या चौघींना फोन केले. ज्ञानूसारखा माणूस नाही, माझं पाप आपल्या अंगावर घ्यायला बघत होता. लोक माझ्याकडं आदरानं बघायला लागले. मी हैबतीआबांना खरं सांगितलं. आबा म्हणाले, "आता बोलून काय? बोलायचं तवा बोलला न्हाईस." साधनाला सांगितलं. ती म्हणाली, "मला ठाव हुतं. म्याबी गप ऱ्हायली." आणि आम्ही दोघं भाताच्या कणगीकडं पाठ करून बसलो.

यंदा आषाढात पाईप डोहातून काढून काकूंच्या खाचरांच्या खाली ओढ्यात लावला. तिथून उंची वीस फूटही मिळत नाही. चाक रमतगमत फिरतं, एक मोबाईल भरायला दिवस जातो. लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

भाद्रपद आला आणि पुन्हा उघडीप पडली, गेल्या वर्षीसारखीच कडक. परवा दुपारी फोन वाजला.

"ज्ञानू, भरलंय का रं प्वाट त्येचं?" काकूच. मागं गाड्यांचे भोंगे, पोरांचा दंगा. "हितं ऊन लई पडलंय. तितं?"

"हितंबी. दहा दिस झालं."

मग त्यांचा आवाज बारीक झाला. "माज्या पाटाला पानी हाय का रं?"

मी काकूंच्या पाटातच उभा होतो. पाट वाहत होता, घोट्यापर्यंत. सहाही खाचरं भरलेली, त्यांत गुडघाभर लव्हाळा माजलेला. नाही म्हटलं असतं तर त्या नसतानाही पाट आटतो एवढं कळून त्यांच्या मनातलं पाप एका शब्दात फिटलं असतं. पण त्या बाईशी आता खोटं बोलायचं नाही, अशी मी शपथ घेतली होती.

"हाय, काकू. पाट वाहतोय. पर म्या नळी खाली घितली, म्हनून वाहतोय. आता तरी ऐका माजं."

"व्हय, व्हय," त्या म्हणाल्या, माझं ऐकल्यासारखं करत. मग मोठा श्वास सोडल्याचं ऐकू आलं. "बगितलंस? म्या निगून आली आन् पानी आलं. मंजी माजंच हुतं."

"काकू..."

"बरं झालं म्या हिकडं आली. ऐक, मानसिंगाला म्या सांगितलंय. खाचरं पडीक ठिवू नगंस. पुडल्या सालापासनं तूच लाव. तुज्यासारक्याच्या हातात ऱ्हायली म्हंजी माजा जीव शांत ऱ्हाईल. आता न्हाई म्हनू नगंस."

मी पाटाच्या पाण्यात उभा राहून ऐकत होतो. त्या वाट बघत होत्या. दोनदा विचारलं त्यांनी, "हायस ना रं?"

"हाय," मी म्हणालो.